रंगाखालचा दिवा

मी एक जुना, लाल एलईडी दिवा आहे. पण मित्रांनो, माझ्याजवळ पुस्तक घेऊन बसू नका. माझ्या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवला जायचा नाही. तिळाएवढा तर माझा जीव! कारखान्यात एकाच चकतीतून आम्ही हजारो भावंडं कापली गेलो. एक इस्पितळात बोटाला लावायच्या चिमट्यात बसलं, एक टीव्हीच्या कोपऱ्यात, एक कुणा लहानग्याच्या बुटाच्या टाचेत. घर उजळणं आमच्या नशिबी नव्हतंच. आमचं काम खुणावण्याचं.

मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या भिंतीवर जागा मिळाली. तापात त्यांचे कान गेले होते. त्यांची लेक यंत्रं दुरुस्त करायची. तिनेच मला दाराच्या घंटीला जोडून शिवणयंत्रासमोर बसवलं. बाहेर कुणी बटण दाबलं की मी लाल लुकलुकायचो आणि बाई हातातलं कापड टाकून धावायच्या. "माझे कान भिंतीवर आहेत हो!" असं त्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या. मी अगदी फुलून जायचो.

मग लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. शब्दाने शब्द वाढला. "गेलीस तर हे दार तुला बंद!" बाई बोलून गेल्या. लेकही आईच्याच वळणाची. गेली निघून.

जिभेला हाड नसतं, मित्रांनो. बाई मागाहून झुरू लागल्या. भिंतीवरच्या ओलीच्या डागांवरून लेक नेहमी कुरकुरायची, म्हणून त्यांनी रंगारी बोलावला. "ती आली की नाक मुरडायला नको." रंगारी भलताच घाईचा. डागांबरोबर त्याने माझ्यावरूनही रंगाचे दोन हात मारले. झालं!

दुसऱ्याच दिवशी दुपारी बटण दाबलं गेलं. मी पेटलो. पुन्हा पेटलो. जीव तोडून लुकलुकलो, पण रंगाबाहेर काही जाईना. बाई समोरच, हातभर अंतरावर, बाही शिवत होत्या.

संध्याकाळी दार उघडलं, तर कडीला पिशवी. आत शिवणयंत्राला लावायचा चिमुकला दिवा, माझी चार पांढरी चुलत भावंडं जोडून केलेला. शेजारीण ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "अहो, तुमची लेक येऊन गेली. किती वेळ बटण दाबत होती! 'यंत्राचा आवाज येतोय, आई दिव्यासमोरच बसलीय, तरी उठत नाही,' म्हणाली. मी थांबवेपर्यंत रडत गेलीसुद्धा."

बाई आत आल्या. भिंतीकडे बघितलं. माझ्या जागी नुसता रंग. नखांनी तो खरवडू लागल्या. नख तुटलं तरी थांबल्या नाहीत. लेकीचा जुना नंबर केव्हाच बंद झालाय.

मित्रांनो, घर रंगवाल तेव्हा माझ्यासारख्या बारीक ठिपक्यांनाही जपा. आणि एखादं दार उघडलं नाही, तर तुमची हाक आत पोचली का, ते बघितल्याशिवाय पाठ फिरवू नका.

आता बाई रोज सकाळी मला फडक्याने पुसतात. मग दार उघडं टाकून बाहेर जातात, बटण दाबतात आणि वाकून आत बघतात. मी पेटतो. दारात त्याच असतात.