पद्माबाईचा हेल

"एकदाच! तो रडायचा सीन!" मंडपातून पोरं ओरडली आणि विश्वंभर गुरुजींनी माईक शिवकन्येच्या हातात कोंबला. "करून टाक माय. गावाचं मन राख."

गुरुजींना नाही म्हणणं जड. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांनीच तिला पहिल्यांदा उभं केलं होतं. आज हट्टा गावात मारुतीच्या पारापुढं तिचा सत्कार होता. नाटकं, मालिका, दोन सिनेमे केलेली गावची पहिली पोरगी! शिवकन्येनं बायकांच्या बाजूला नजर फिरवली, एकेक तोंड तपासलं. पद्माबाई नव्हती. मग तिनं पदर तोंडाशी नेला आणि हेल काढला.

"माझ्या वाघा रंऽ, भाकर झाकून ठेवली रंऽ, आता कोन खाईल रंऽ..."

आणि मध्येच एक डोळा उघडून, कोण कोण बघतंय ते हळूच पाहिलं. हशा असा उसळला की मंडपाचे बांबू हलले. टाळी ही चीजच वाईट. एकदा चटक लागली की माणूस लाज गुंडाळून ठेवतो. शिवकन्येनं तर तो डोळा दोनदा उघडला.

आता ही भाकर कोणाची, ते सांगायला हवं. पद्माबाईचा पोरगा भागवत अठराव्या वर्षी शेतात मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हा शिवकन्या बारा वर्षांची. घराला घर लागून. ओसरीच्या खांबाआड उभं राहून तिनं पद्माबाईचं रडणं ऐकलं, शब्दन् शब्द. पुढे संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकायला गेली, तेव्हा सरांनी सांगितलं, गावचं एक माणूस उभं करून दाखवा. कोणी पाटील आणला, कोणी कंडक्टर. शिवकन्येनं पद्माबाई आणली. वर्गात कोणी खोकलंसुद्धा नाही. सर चष्मा पुसत बसले. तिथवर ठीक होतं.

त्याच रडण्यावर तिला मुंबईत नाटक मिळालं. पण दिग्दर्शक म्हणाले, "बाई, आपलं नाटक विनोदी आहे. हेच करा, पण हसू आलं पाहिजे." पोटाचा प्रश्न होता हे खरं, पण तो उघडा डोळा तिनं दुसऱ्याच दिवशी आपणहून बसवला, हेही खरं. मग नाटकाचा सिनेमा झाला, मोबाईलवर तुकडे फिरले, आणि लग्नाच्या वऱ्हाडातली पोरं 'भाकर झाकून ठेवली रं' म्हणून एकमेकांना चिडवू लागली. बारा वर्षं तिनं ते रडणं विकून खाल्लं. गावी आली की पद्माबाईच्या दारावरून मान खाली घालून जायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

या खेपेला मात्र पाय धरायचेच, असं ठरवून आली होती. सत्काराआधी जाणार होती. धीर झाला नाही. आता मंडप उठल्यावर गेली.

पद्माबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"ये गं माय, बैस. केवढी सुकलीस!"

"मावशी, तुमी मंडपात न्हाई आल्या?"

"कशाला? हितंच ऐकलं सगळं. भोंगा इकडंच तोंड करून हाय की."

शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पद्माबाईचे पाय घट्ट धरले. "चुकलं माझं मावशी. तुमचं दुःख मी बाजारात मांडलं. दोन थोबाडीत मारा, पण मला माफ करा."

"ऊठ गं. लेकराला काय मारायचं?" पद्माबाईनं हातावरची टरफलं झटकली. "तू काय केलं, तुझं तू जाण. माझी तकलीफ येगळीच हाय. पोळ्याच्या आदी कळमनुरीला माझा भाऊ गेला. मी गेले, भावजयीच्या गळ्यात पडले, अन् आला तसा हेल काढला. तं बाया तोंडात पदर घालून हसाय लागल्या. भावजय बी हसली गं. तिचा बी काय इलाज? मंग मी गप बसले. सख्ख्या भावाला रडले न्हाई."

आतून खोकल्याची उबळ आली. बाजेवर पद्माबाईचे मालक, किशनराव, पडून होते. अंगाचं चिपाड झालेलं. पद्माबाईनं तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डाक्टर म्हणला, घरी न्या. लई दिवसाचे न्हाईत ते. अन् मला तं ह्ये एकच रडणं येतंय, माझ्या मायकडून आलेलं. ते निघालं की लोकं हसनार. माझ्या माणसाच्या मयतीत हसनार गं. तू तं रडायचं बी शाळंत जाऊन शिकलीस म्हनं. मला दुसरं एखादं शिकव. कोनी हसनार न्हाई असं."

शिवकन्येनं एवढं शिक्षण, बारा वर्षांचा धंदा, सगळं मनातल्या मनात चाचपून पाहिलं. तिच्याकडे दुसरं रडणं नव्हतं.

"सांग की गं," पद्माबाई म्हणाली, आणि शेंगांचं सूप बाजूला सारून, पदर सावरून, तिच्यासमोर नीट मांडी घालून बसली.