देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या

मी एक जुनी प्रार्थनापेटी आहे. चर्चच्या दाराआड, छत्र्या अडकवायच्या खुंटीशेजारी मी भिंतीवर टांगलेली असते. डोक्यावर एक फट आणि पोटाला छोटं कुलूप. नवखे लोक मला दानपेटी समजून नाणी टाकतात, तेव्हा मला राग येतो. पण मित्रांनो, खरा राग यावा असं माझ्या आयुष्यात वेगळंच घडलं आहे, आणि तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

एका मोडक्या बाकाच्या फळीतून सुताराने मला घडवलं. फट जराशी तिरकी झाली. "असू दे, देवाला तिरकंही वाचता येतं," म्हणत त्याने हात झटकले. तेव्हा आमचे पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच नेमणुकीवर आले होते. पहिल्याच रविवारी त्यांनी मंडळीला सांगितलं, "ज्याला कुणाजवळ बोलता येत नाही, त्याने देवाला लिहावं आणि चिठ्ठी इथे टाकावी. खाली नाव लिहा, म्हणजे मला नाव घेऊन प्रार्थना करता येईल." दर शनिवारी दुपारी ते दार लोटून घेत, मला उघडत, गुडघे टेकून एकेक चिठ्ठी वाचत आणि मग सगळ्या शेगडीत जाळून टाकत. वीस वर्षं हा नेम चुकला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

गल्लीच्या टोकाला राहणारी, शिवणकाम करणारी एक बाई दर आठवड्याला चिठ्ठी टाकायची. मापांच्या वहीचं फाडलेलं पान असायचं ते. तिचा नवरा तुरुंगात होता. दोन मुलींना मात्र तिने सांगितलं होतं, की बाबा जहाजावर कामाला आहेत. मुली मोठ्या होईपर्यंत हे झाकलेलं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. तिची गोष्ट मी सांगते आहे, कारण आता ती गल्लीभर झालेलीच आहे. बाकीच्यांचं मला विचारू नका.

पाळकसाहेबांना राजकारणाची गोडी लागली ती एका चांगल्या कामातून. वस्तीत नळ नव्हता. त्यांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजवले आणि नळ आणला. लोक म्हणू लागले, पाळकसाहेबांच्या शब्दाला वजन आहे. ते वजन त्यांना आवडलं. सभांत पुढची खुर्ची मिळू लागली. उपदेशात शास्त्र कमी आणि नगरपालिका जास्त येऊ लागली.

मग निवडणूक आली आणि एक हसतमुख उमेदवार उपासनेला येऊन बसला. गीत येत नव्हतं, तरी ओठ हलवत होता. उपासना संपल्यावर दाराशी उभा राहून तो म्हणाला, "निवडून आलो तर इथे दवाखाना नक्की. पण पाळकसाहेब, लोकांच्या खऱ्या अडचणी मला कोण सांगणार?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही.

त्या शनिवारी त्यांनी गुडघे टेकले नाहीत. टेबलाशी बसून, चष्मा चढवून ते चिठ्ठ्यांवरून यादी करू लागले. नाव, घर, अडचण. पाळकीणबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अहो, हे लोकांनी तुम्हाला नाही लिहिलेलं."

"देव माणसांच्या हातूनच मदत करतो ना? मग एका माणसाला कळलं तर बिघडलं कुठं?"

"त्यांना विचारलंत?"

"एकेकाला विचारत बसलो तर निवडणूक होऊन जाईल."

चिठ्ठ्या त्यांनी नेहमीसारख्या जाळल्या. यादी मात्र खिशात घातली. मी लाकडाची, करणार काय?

उमेदवार घरोघर फिरला. ज्या दारात गेला, तिथली दुखरी नस त्याला ठाऊक होती. लोक आधी हरखले, मग एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रविवारी ती शिवणकाम करणारी बाई आली. आत गेलीच नाही, माझ्यासमोरच उभी राहिली. पाळकसाहेब बाहेर आले.

"तो पंधरा माणसं घेऊन दारात आला," ती म्हणाली. "मुलींसमोर म्हणाला, ताई, तुमच्या मिस्टरांच्या सुटकेचं मी बघतो. धाकटी विचारते, कसली सुटका? थोरली काहीच विचारत नाही. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही."

"ताई, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मी देवाकडे मागितलं होतं, पाळकसाहेब. तुम्हाला फक्त वाचायला दिलं होतं."

ती गेली, ती परत आली नाही. बाकीच्यांनीही चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. येता-जाता लोक माझ्याकडे असे बघतात, जणू चहाडी मीच केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. परक्याने दगा दिला असता तर मी मनावर घेतलं नसतं. हे आमचे पाळकसाहेब होते.

उमेदवार निवडून आला. दवाखान्याचं विचारायला पाळकसाहेब त्याच्या कार्यालयात गेले, तेव्हा शिपायाने त्यांना दोन तास बाकावर बसवलं आणि साहेब बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. परत आल्यावर माझ्यासमोरच ते पाळकीणबाईंना एवढंच म्हणाले, "तो आतच होता." दवाखानाही नाही आणि मंडळीचा विश्वासही नाही, तेलही गेलं, तूपही गेलं. मला त्यांची कीव आली असती, पण त्या थोरल्या मुलीचा विचार मनातून जात नाही.

मित्रांनो, कुणी विश्वासाने तुमच्या हाती काही ठेवलं, तर ते त्याला न विचारता तिसऱ्याला देऊ नका. चांगल्या कामासाठी तर मुळीच नाही, कारण तेव्हा आपण चुकतो आहोत हे आपल्याला कळतही नाही.

परवा दुपारी पाळकसाहेब एकटेच आले. माझ्याशेजारी भिंतीला कागद टेकवून त्यांनी काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि फटीतून आत सोडलं. चिठ्ठ्या बंद झाल्यापासून मला कुणी उघडत नाही, त्यामुळे ती चिठ्ठी माझ्या पोटात तशीच आहे. तिच्यात काय आहे ते मला माहीत आहे. पण ते देवाला लिहिलेलं आहे. मी सांगणार नाही.