दहावं टोक

"काका, एचबी पेन्सिल देऊ?" मितेशने विचारलं. कल्याणच्या त्याच्या दुकानातून मी बायकोसाठी, मालनसाठी, पंधरा वर्षं चित्रकलेचं सामान नेलं. ती जाऊन चार महिने झालेत.

"एचबी नको. कडक टूएच दे. आणि एक टूबी."

"टूबी मऊ हो! नक्षीला नाही चालणार. हात फिरला की कागद काळा."

"माहितीये. दे."

पेनं मात्र निवडून घेतली. बारीक ते जाड टोकाची, पॉइंट एक, पॉइंट तीन, पॉइंट आठ. कागदावर ओढून बघितली, अडखळलं ते परत केलं. पेन वाईट होतं असं मृणालला म्हणता येऊ नये.

वर्तकनगरात मृणालताईंचा चित्रकलेचा क्लास आहे, मालन तिथे जायची. त्या फुलं-वेली शिकवतात. कंपासची नक्षी मात्र मालन स्वतःच करायची. आजारपणात तिने शेवटची नक्षी, दहा टोकांची चांदणी, फ्रेम करायला त्यांच्याकडे दिली. ती क्लासच्या प्रदर्शनात लागली. खाली नाव मृणालचं. फोन केला तर म्हणाल्या, "काका, हातात पेन मीच दिलं ना त्यांच्या?"

रविवारी प्रदर्शनाला गर्दी होती. मी टेबलावर कागद, कंपास, पेन्सिली, पेनं मांडली.

"ताई, ही चांदणी काढून दाखवा. लोकांना बघायचीय."

"आत्ता? काय काका, चेष्टा करता!"

"काढा की," मागून एक आजोबा म्हणाले. "आम्हालाही कळेल."

त्यांनी दोन्ही पेन्सिली ओढून बघितल्या आणि ठळक उठणारी घेतली. टूबी. तिसऱ्या वर्तुळाला तळहात काळा झाला, कागदही. पेनाने गिरवायला घेतलं, तर नऊ टोकं झाली आणि दहाव्याला जागाच उरली नाही.

"काका, बास ना," त्या हळूच म्हणाल्या. "नाव बदलते मी."

"आधी पुरी करा."

त्यांचे डोळे भरले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

शेवटी त्यांनी नवी चिठ्ठी लिहून चिकटवली. मालन महिपत शेलार. मी ती दोनदा वाचली.

शिवानी नावाची कॉलेजची मुलगी वही घेऊन आली. "काका, मला शिकायचीय ही. काकू पहिली रेघ कुठून घ्यायच्या?"

मालन काढायची तेव्हा मी समोर बसून पेपर वाचायचो.

काचेला नाक लागेपर्यंत मी फ्रेमजवळ गेलो. कुठली रेघ आधीची, कळेना. मुलगी वही उघडून थांबली होती.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.