आधी उतरायचा मान

सगळ्यात आधी उतरायचं, हे काकांनी बोटीत चढायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या सत्तरीला मुलीने आणि जावयाने आठ दिवसांची सफर काढून दिली. तीही साध्यासुध्या खोलीत नाही, थेट सुइटमध्ये. तिकिटांबरोबर सुखसोयींचं एक गुळगुळीत पुस्तक आलं. काकांनी ते महिनाभर चष्मा लावून असं वाचलं की जणू उद्या पेपर आहे. स्वतंत्र बटलर, फळांची परडी, दोन मऊ झगे, सुइटवाल्यांची वेगळी लिफ्ट. आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती, की परतीच्या बंदरात सुइटच्या पाहुण्यांना सर्वांत आधी उतरण्याचा मान राहील. तिच्याखाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ ओढली.

"मान म्हटलंय बघ, मान!" ते बायकोला म्हणाले. "छत्तीस वर्षं शेवटी उतरलो. आता जरा थांबू देत लोकांना माझ्यासाठी."

खरंच होतं ते. काका एका चौदा मजली कचेरीत लिफ्टमन होते. लिफ्ट जुन्या काळची, जाळीच्या दाराची, हँडल फिरवून चालवायची. ती मजल्याशी बरोबर जुळवून थांबवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. जरा हात चुकला की बोटभर पायरी पडायची आणि माणूस ठेचकाळायचा. काकांच्या लिफ्टमध्ये कधी कुणी ठेचकाळलं नाही. पायरी पडलीच, तर ते आधी हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "सांभाळून, पायरी आहे." मग साहेब उतरायचे, कारकून उतरायचे, टपालवाला उतरायचा, आणि सगळ्यांच्या शेवटी काका. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हाही आतली नऊ माणसं एकेक करून वर ओढून काढली. दहावे काका.

मावशी म्हणजे त्यांची बायको. त्या घरात पाळणाघर चालवायच्या, म्हणून अख्खी वस्ती त्यांना मावशी म्हणायची. मावशीचा नवरा मावसा न होता काका कसा काय झाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण मावशींची जीभ तिखट. त्या जिभेनेच पुढे घात केला, असं त्यांना वाटतं. कुणी कितीही समजावलं तरी वाटतं.

बोटीवर पहिल्याच दुपारी बटलर आला. चाळिशी उलटलेला, पांढऱ्या हातमोज्यांचा, बोलणं अगदी हळू. त्याने बॅगा उघडल्या आणि कपडे कपाटात लावायला घेतले. काकांचे विरलेले बनियन तो चक्क हँगरला अडकवत होता! मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, राहू द्या हो. मी लावते ना."

"तुम्ही बसा, बाई. हे माझं काम."

"हिला मावशी म्हणा," काका झगा घालून आरशासमोर उभे होते, तिथूनच म्हणाले. "बाई म्हटलं की ती घाबरते."

"बरं, मावशी. काहीही लागलं की बेल दाबा. काहीही. सुइटच्या पाहुण्यांना आम्ही नाही म्हणत नाही."

काकांना फळं आवडली, बाल्कनी आवडली, उशीवर ठेवलेली दोन चॉकलेटंही आवडली. पण त्यांचा खरा जीव रमला तो लिफ्टमध्ये. आरशाची, पितळी कठड्याची लिफ्ट. काका शिरले की सरळ बटणांपाशी जाऊन उभे राहायचे. "कितवा?" असं विचारायचे, बटण दाबायचे, दार हाताने अडवून धरायचे, आणि सगळे उतरले की मग उतरायचे. मुद्दाम नाही हो, सवय. दुसऱ्या दिवशी सोन्याच्या घड्याळाचा एक जाडजूड गृहस्थ उतरताना थांबला, काकांच्या हातात एक घडी केलेली नोट ठेवली आणि खांदा थोपटून गेला. काकांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली आणि हसत हसत मावशींना येऊन सांगितलं.

मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"लाज नाही वाटत? पाहुणे म्हणून आलोय ना आपण इथे? लेकीने एवढं केलं ते तुम्ही इथेही लिफ्टमनच्या स्टुलावर बसावं म्हणून? परत त्या बटणांना हात लावलात तर याद राखा!"

काकांनी सदरा काढून इस्त्रीला दिला. संध्याकाळी जेवायला जाताना ते लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. कुणीतरी चुकीचं बटण दाबलं, तरी गप्प. मावशींना बरं वाटलं. बरं वाटलं! आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी टबात होत्या. जन्मात पहिल्यांदा इतकं गरम पाणी, गळ्यापर्यंत, आणि कुठल्याही पोराचं रडणं नाही. बाहेरून काकांची हाक आली. "अगं, चहा आलाय."

"आले हो, पाच मिनिटं."

पाचाची पंचवीस झाली. त्या केस पुसत बाहेर आल्या तेव्हा काका बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेले होते, मान छातीवर. समोरचा चहा तसाच. मावशींना वाटलं, डोळा लागला. त्यांनी आधी चहाच्या कपाला हात लावून पाहिला, मग काकांच्या गालाला. दोन्ही गार.

बेल दाबली. बटलर धावत आला, मग डॉक्टर, मग पांढऱ्या गणवेशातली एक अधिकारी बाई. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. अधिकारी बाईंनी मावशींचा हात हातात घेतला आणि सगळं समजावून सांगितलं. मधल्या बंदरात उतरवलं तर परका मुलूख, परके कागद, पंधरा दिवसही लागतील. त्यापेक्षा बोटीवरच एक थंड खोली आहे, अशा वेळेसाठीच असते. पाच दिवसांत घरचं बंदर. तोवर सुइट तुमचाच, काही कमी पडू देणार नाही.

आणि खरंच काही कमी पडू दिलं नाही. तेच तर वाईट होतं. रोज नवी फळं यायची. रोज दोन टॉवेल, दोन झगे, दोन उशांवर दोन चॉकलेटं. सुइट म्हणजे दोन माणसं, असं कुठल्यातरी यादीत लिहिलेलं असणार, आणि यादीला काय, कोण मेलं नि कोण राहिलं. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही चॉकलेटं खाल्ली आणि मग उशीत तोंड खुपसून रडल्या.

सफरीच्या पाचव्या दिवशी काकांचा सदरा परत आला, पातळ कागदात गुंडाळून, कडक इस्त्री करून. सोबत एक छोटं पाकीट. खिशात सापडलेली नोट त्यांनी प्रामाणिकपणे पाकिटात घालून पाठवली होती. मावशी ती नोट बघत किती वेळ बसल्या कोण जाणे. मग त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात परत घातली आणि बटलरच्या हातात सदरा दिला.

"हा त्यांना घालायला सांगा. आणि खिशातलं काढू नका. कमाई आहे त्यांची."

बटलरने मान हलवली आणि सदरा दोन्ही हातांवर घेऊन गेला.

सहाव्या दिवशी अंग इतकं दुखायला लागलं की मावशी पुन्हा टबात उतरल्या. पाणी कढत होतं. दोन मिनिटं, अगदी दोनच मिनिटं, त्यांना छान वाटलं. सगळं विसरून छान वाटलं. मग आठवलं की तो माणूस तीन मजले खाली थंडीत पडलाय, आणि त्या तशाच ओल्या अंगाने बाहेर आल्या.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आई, मी परवा सकाळी सातपासून बंदरावर उभी राहते. तुला आधी उतरवतील. लगेच भेटू आपण."

"आणि बाबांना?"

मुलीला माहीत नव्हतं. मावशींनी बेल दाबली आणि अधिकारी बाईंना बोलावून घेतलं. बाई बिचारी खोटं बोलणारी नव्हती. आधी सुइटचे पाहुणे, मग बाकीचे तीन हजार प्रवासी, मग सामान. ते झालं की खालचं माल-दार उघडतं. रिकामी खोकी जातात, कचरा जातो.

"आणि मग?"

"मग ते. दुपारी दोनच्या सुमारास."

मावशी उठल्या. टेबलाच्या खणातून ते गुळगुळीत पुस्तक काढलं आणि शेवटचं पान बाईंच्या नाकासमोर धरलं.

"ही रेघ त्यांनी ओढलीय. दोनदा. सर्वांत आधी उतरण्याचा मान. सुइट त्यांच्याही नावावर आहे ना? का मेल्यावर नाव खोडलंत? कचऱ्याच्या मागून पाठवणार त्यांना? जन्मभर शेवटी उतरले हो ते!"

"मावशी, मला कळतंय. पण लोक सुट्टीवरून घरी चाललेले असतात, लहान मुलं असतात. त्यांच्यासमोरून नाही नेता येत. तो नियमच आहे."

"मग मीही आधी उतरत नाही. मी त्यांच्याबरोबर उतरेन, त्या खालच्या दाराने."

"ते दार प्रवाशांसाठी नाही."

बटलर चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने ट्रे खाली ठेवला. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशी मीच यांना म्हणालो होतो, आम्ही नाही म्हणत नाही. दोन गोष्टी मागितल्यात त्यांनी. एक तरी द्या."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पुस्तकातल्या रेघेकडे पाहिलं. "सर्वांत आधी मला जमणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याबरोबर उतरा, ते जमेल."

मावशींना यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मागितलं होतं ते मिळालंच नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली. भिंतीतल्या स्पीकरवर एक गोड आवाज म्हणाला की सुइटच्या माननीय पाहुण्यांनी आता उतरावं. मावशी बाल्कनीत काकांच्या खुर्चीत बसल्या आणि खाली बघत राहिल्या. पहिला उतरला तो सोन्याच्या घड्याळाचा गृहस्थ. धक्क्यावर मुलगी टाचा उंच करून शोधत होती. मावशींनी तिला फोन करून सांगितलं, मागच्या बाजूला ये, माल उतरतो तिथे. मग माणसांची रांग सुरू झाली ती संपता संपेना. मग बॅगा. मग खोकी. मग काळ्या पिशव्या. मावशींनी एकही पिशवी नजरेआड जाऊ दिली नाही.

दोन वाजता बटलर त्यांना न्यायला आला. हातमोजे काढून ठेवलेले. ते दोघं जिन्याने तीन मजले उतरले, मग एका लोखंडी दारातून मालाच्या लिफ्टपाशी आले. आरसा नाही, कठडा नाही. पोचे पडलेले पत्रे, फिनेलचा आणि सडक्या भाजीचा वास. पलीकडच्या बोळातून दोन खलाशांनी चाकांची गाडी ढकलत आणली. वर पांढरी चादर, नीट खोचलेली, आणि मानेपाशी इस्त्रीच्या सदऱ्याची कॉलर जराशी दिसत होती. गाडी आत गेली. खलाशी आत गेले. बटलर मावशींसाठी गाडीच्या मागे जागा करून बाजूला सरकला.

मावशी तिथे गेल्या नाहीत. त्या बटणांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. "सगळ्यात खालचा, मावशी," बटलर म्हणाला.

मावशींनी बटण दाबलं. लिफ्ट कुरकुरत निघाली. सगळे खाली बघत होते. मावशी दाराकडे बघत होत्या, हात बटणाजवळच. लिफ्ट हिसका देऊन थांबली, दार सरकलं, बाहेरच्या उजेडाचा चौकोन आत आला, आणि त्या उजेडात, लांबवर, त्यांची लेक उभी होती. पुढच्या खलाशाने गाडी खेचली.

"थांबा!"

लिफ्ट जमिनीशी जुळली नव्हती. चांगली दोन बोटं खाली राहिली होती. मावशींनी हात आडवा धरला.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "पायरी आहे."

खलाशांनी गाडीची पुढची चाकं उचलली, मग मागची, आणि जराही धक्का न लागू देता काकांना बाहेर घेतलं. लिफ्टमधून पहिले काका उतरले. एक खलाशी मागे वळून मावशींसाठी थांबला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, दार हाताने अडवून धरलं, आणि त्याला आधी जायला सांगितलं. मग बटलर उतरला. आत कुणी राहिलं नाही, हे मावशींनी एकदा वळून पाहिलं, आणि मग त्या उतरल्या.