शूलिभंजनची चढण

मधुसूदन चितेगावच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. त्याचा मुलगा श्रीरंग सहा वर्षांचा झाला तरी जिना चढताना कठडा धरायचा आणि पळताना पडायचा. शाळेतली मुलं हसायची. पोराला डोंगर चढायची सवय लावली की पाय आपोआप घट्ट होतील, असं मधुसूदननं मनाशी ठरवून टाकलं. म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी तो, त्याची बायको पद्मजा आणि श्रीरंग सकाळच्या एसटीनं खुलताबादला उतरले आणि शूलिभंजनच्या दत्ताच्या डोंगराकडे चालू लागले.

सुरुवातीला श्रीरंग मजेत होता. एका शेळीशी तो बराच वेळ बोलत राहिला. चढण लागली तसा दर पन्नास पावलांवर बसू लागला. मधुसूदन दरवेळी थांबायचा, पण हात द्यायचा नाही. त्याचं त्यानंच उठलं पाहिजे, असं त्यानं पद्मजालाही बजावलं होतं.

निम्म्या वाटेवर श्रीरंग मोकळ्या जागी मातीत बसला. उठायची वेळ आली तेव्हा तो आधी ओणवा झाला. दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग एक गुडघ्यावर, मग दुसरा, आणि स्वतःच्याच मांड्यांवरून हात वर सरकवत कसाबसा उभा राहिला. घरी तो पलंगाला नाहीतर खुर्चीला धरून उठायचा. इथं धरायला काहीच नव्हतं.

पद्मजाचा थोरला भाऊ लक्ष्मण असाच उठायचा. पैठणच्या घरात तिनं ते रोज पाहिलं होतं. ती आहे तिथंच खाली बसली. मधुसूदननं दम लागला का विचारलं, तर ती हो म्हणाली.

ते वर पोचले. दर्शन झालं. श्रीरंगनं खालचं तळं पाहून टाळ्या पिटल्या, आणि मधुसूदन पुढच्या रविवारी म्हैसमाळला जायचे बेत सांगू लागला. उतरताना मात्र त्याला पोराला पाठुंगळीला घ्यावं लागलं.

दुपारी खुलताबादच्या बाजारात सरूबाई नावाच्या बाईकडून त्यांनी पेरू घेतले. श्रीरंग चड्डीत होता. त्याच्या पायांकडे बघत सरूबाई कौतुकानं म्हणाली, "लेकराच्या पोटऱ्या बगा किती भरल्यात. पैलवान व्हईल ह्यो."

मधुसूदन खूश झाला. पद्मजा तिथून बाजूला गेली आणि वेशीच्या भिंतीला टेकून रडू लागली. तो मागोमाग आला. श्रीरंग सरूबाईजवळ पेरू खात बसला होता.

"लक्ष्मणच्या पोटऱ्याही अशाच होत्या," पद्मजा म्हणाली. "त्यात ताकद नसते. दहाव्या वर्षी तो चालायचा थांबला."

"पण तो तर काविळीनं गेला ना?"

"लग्नाच्या वेळी आईनं तसं सांगायला लावलं. गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शेवटी त्याला मानही धरता येत नव्हती."

 मधुसूदननं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते ते विचारलं. औषध नाही म्हणाले होते, ती म्हणाली. ते जुनं झालं, आता निघालं असेल काहीतरी, असं पुटपुटत तो बसची वेळ विचारायला गेला.

पंधरा दिवसांनी ते पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासला आणि लक्ष्मणचाच, स्नायू झिजत जाण्याचा आजार असल्याचं सांगितलं. हा आजार आईकडून मुलाला येतो, हेही त्यांनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. औषध अजूनही निघालं नव्हतं.

मधुसूदन तिला कधीच काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. त्यांनी दुसरं मूल होऊ दिलं नाही. श्रीरंग चौथीत गेला तेव्हा त्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आला. जून ते दिवाळी मधुसूदननं त्याला रोज उचलून वर नेलं. दिवाळीनंतर श्रीरंगच म्हणाला, की आता त्याला घरीच राहायचंय.