न घासलेली कवळी

मित्रांनो, मी सात वर्षे वापरलेली वरची कवळी आहे. गुलाबी हिरडी आणि चौदा दात. सुरतेत, गोडादऱ्याच्या एका गल्लीत उषाबाईंकडे मी राहते. माझी हकिकत अभिमानाने सांगण्यासारखी नाही, पण सांगितली पाहिजे.

उषाबाईंच्या टाळूचे माप घेऊन मला साच्यात घडवले, घासून चमकवले. पहिल्याच दिवशी सून हर्षदा त्यांना म्हणाली, "आई, दहा वर्षांनी लहान दिसता." ते कौतुक मी माझ्याच खात्यावर जमा केले.

उषाबाई मूळच्या खानदेशच्या. घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापतात आणि दर श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तिची गाणी म्हणतात. गल्लीतल्या बायका त्यांच्या मागे म्हणतात. मी येण्याच्या आदल्या वर्षी उषाबाई बोळक्या तोंडाने गात असताना व्याहीण सरलाबाईंनी त्यांना विचारले होते, "येहीन, गानं म्हनी राहिनी का चूल फुकी राहिनी?" सगळ्या हसल्या. म्हणून मी आल्यापासून उषाबाईंनी कोणाला बोळके तोंड दाखवले नाही. घर एका खोलीचे, माणसे सतत समोर. म्हणून त्या मला घालूनच झोपत. रात्री मला काढून पाण्यात ठेवायला डॉक्टरांनी सांगितले होते. ते मीही ऐकले होते, पण न काढले जाण्यातच मला सुख वाटत होते.

यंदा कानबाईच्या तीन महिने आधी त्यांचे तोंड पोळू लागले. डॉक्टरांनी मला बाहेर काढले. टाळू लालभडक झाली होती आणि ती लाली नेमकी माझ्या आकाराची होती. बुरशी माझ्या पाठीवर वाढली होती.

औषधाने लाली गेली. ती परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी चांगल्या जंतूंच्या चघळायच्या गोळ्या दिल्या. "हे जंतू बुरशीला जागा देत नाहीत. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण मदत होते. कवळी मात्र रोज घासायची आणि रात्री काढायची."

उषाबाईंनी यातले चांगले जंतू तेवढे लक्षात ठेवले. त्यांचे दह्याचे मडके कधी घासले जात नाही, नुसते वरवर विसळतात. तळाशी राहिलेल्या दह्यावर पुढचे दही लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा ब्रश बाजूला ठेवला.

"दहीनं मडकं कोनी घासस का?" त्या हर्षदाला म्हणाल्या. "घासं ते चांगला जंतू मरी जातीन."

"आई, ते मडकं आहे, हे दात आहेत."

"तुले दही तरी लावता येस का?"

रोज गोळी चघळली जात होती आणि माझ्यावर बुळबुळीत थर चढत होता. मला तो कळत होता. ज्या तोंडामुळे माझे कौतुक झाले, त्याच तोंडाला मी पुन्हा पोळवणार होते.

कानबाईला दहा दिवस असताना उषाबाई भाकरी दुधात भिजवून खाऊ लागल्या. ठेचा ताटात तसाच राहिलेला पाहून हर्षदा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. उषाबाईंचे दह्याच्या मडक्याचे शास्त्र ऐकून डॉक्टर आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत, आईला मारावी तशी हाक मारून म्हणाले, "बा, नव्या भांड्यात दही लावते, तेव्हा विरजण धुतलेल्या भांड्यात टाकते की खरकट्या?"

"धुयेल भांडामा."

"मग?"

उषाबाईंनी ट्रेमधल्या माझ्याकडे पाहिले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा औषध दिले आणि टाळू बरी होईपर्यंत मला घालायचे नाही असे बजावले. म्हणजे कानबाईलाही नाही. "मंग गानी कोन म्हनी?" उषाबाईंनी विचारले.

कानबाईच्या रविवारी मी स्वच्छ होऊन फळीवरच्या वाटीत, पाण्यात होते. कानबाईसमोर बायका बसल्या. सरलाबाई पुढेच होत्या. उषाबाईंनी तोंडावर पदर धरला होता. सगळ्या त्यांच्या सुरुवातीची वाट पाहत होत्या. शेवटी त्यांनी पदर खाली घेतला आणि गाणे उचलले. निम्मे शब्द वाऱ्यासारखे निसटले.

"येहीन, परत चूल फुकी राहिनी का?"

"फुकस बी अन् गास बी," उषाबाई म्हणाल्या. "तू मांगे म्हन."

सरलाबाई हसल्या, पण त्यांच्या मागे म्हणू लागल्या. मग सगळ्याच म्हणू लागल्या. सात वर्षे मला वाटत होते की ते गाणे माझ्या जिवावर चालते.

आता टाळू बरी आहे. उषाबाई रोज सगळ्यांदेखत मला काढतात, घासतात, रात्री पाण्यात ठेवतात. गोळीही चालू आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी कवळी वापरत असेल, तर त्यांना ती रोज घासायची आठवण करून द्या, रात्री पाण्याची वाटी भरून ठेवा. आणि ती काढलेल्या तोंडाला हसू नका. मी सात वर्षे अडकून पडले ती त्याच हसण्यामुळे.