कुलूपवाल्याला शत्रू हवा

साडूने पिस्तूल घेतलं आणि कुलूपवाल्याची सासुरवाडीतली किंमत एका जेवणात उतरली.

कुलूपवाला थोरला जावई. इतकी वर्षं पहिलं ताट त्याच्यापुढे यायचं. धाकटा जावई, म्हणजे साडू, फरशांचा व्यापारी. तो आता जेवायला बसण्याआधी कमरेचं पिस्तूल काढी, रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवी आणि पोरांना इकडे येऊ देऊ नका म्हणून बजावी. पोरं शाळेत असली तरी बजावी. त्या दिवशी सासऱ्यांनी घराचं दार मजबूत आहे का, हे साडूला विचारलं. दाराला कुलूप कुणी बसवलं होतं, ते कुणाला आठवलं नाही.

परतताना बायको म्हणाली, "काही म्हणा, घरात एक आधार वाटतो." कुलूपवाल्याच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं, ते कुठल्याच औषधाला दाद देईना.

त्यानेही पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. कचेरीतल्या साहेबाने जिवाला धोका कुणापासून आहे ते विचारलं. कुलूपवाला विचारात पडला. समोरच्या दुकानातला कुलूपवाला हाडाचा वैरी असायला हवा होता, पण तो अडीअडचणीला कोऱ्या किल्ल्या पाठवायचा. शेजाऱ्याशी भांडण काढावं, तर तो याचंच ड्रिल मशीन वापरून मिंधा झालेला. भीती म्हणावी तर एका बायकोचीच होती, आणि ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. साहेबाने अर्ज बाजूला ठेवला आणि आधी शत्रू मिळवा, म्हणाला.

साडूला फोनवर धमक्या येत. म्हणजे पिस्तूलच नाही, तर शत्रूसुद्धा त्याच्याकडे आधी! कुलूपवाल्याला हे जास्त लागलं. पुढच्या जेवणाला त्याने मान खाली घालून, शत्रू कसे मिळतात, अशी साडूकडे चौकशी केली.

साडूने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साडूभाऊ, तुमच्या वाटेला कोण जाणार? लोक तुमच्याकडे किल्ली हरवली म्हणून येतात. तुम्ही निवांत झोपा."

सगळे हसले. सासरे हसले, मेहुणी हसली, तिथपर्यंत ठीक होतं. पण पदर तोंडाला लावून बायकोही हसली.

कुलूपवाल्याने ताटातला हात तसाच ठेवला. "तुमच्या दुकानाचं शटर, घराचं पुढचं दार, मागचं दार, तिजोरी," तो सावकाश म्हणाला, "सगळी कुलपं माझ्या हातची आहेत. मला पिस्तूल कशाला लागतंय?"

त्याला आपल्या कारागिरीची आठवण करून द्यायची होती, बाकी काही नाही. पण साडूचा घास घशात अडकला आणि मेहुणी पाणी आणायला धावली.

आठवड्याभरात एक हवालदार दुकानात आला. साडूने दुसऱ्या पिस्तुलासाठी अर्ज केला होता, एक दुकानाला, एक घराला. धोका कुणापासून, तिथे कुलूपवाल्याचं नाव होतं.

"धमकी दिली होती का तुम्ही?" हवालदाराने विचारलं.

कुलूपवाल्याच्या ओठांवर "नाही" आलं होतं. नाही म्हटलं की साडूचा अर्ज बारगळला, एका पिस्तुलावरच राहील बेटा. तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको दारात थबकली. ती नवऱ्याकडे असं बघत होती, जसं लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. नाही म्हटलं, तर पुन्हा आपण हरवलेल्या किल्ल्यांचे धनी.

"दिली होती," कुलूपवाला म्हणाला.

"मग तुमचा परवान्याचा अर्ज रद्द होणार."

"होऊ द्या."

हवालदाराने त्याला वर-खाली न्याहाळलं, पुन्हा असं बोलू नका म्हणून समज दिली आणि सही घेतली. जाताना मात्र तो जरा अंतर ठेवून गेला. बायकोने डबा उघडला, कधी नव्हे ते वाढूनही दिलं आणि हळूच विचारलं, "मीठ कमी तर नाही ना पडलं?"

"ठीक आहे," कुलूपवाला गुरकावला. गुरकावणं जमलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. सुखाचा घास होता. पण दोनदा चावला आणि तो तोंडातल्या तोंडात फिरू लागला.

साडूकडे आता दोन पिस्तुलं होणार होती.